हिरवा रंग, सोनेरी चांदणी, रेशमी पट्टा: आर्थरच्या मध्ययुगीन काव्यातली प्रतीकं कशी वाचावीत

राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजाच्या सरदारांवर मध्ययुगात फ्रेंच, जर्मन, वेल्श, इंग्रजी अशा अनेक भाषांत काव्यं झाली. सगळ्यांना एकदम हात घातला तर काहीच नीट पदरात पडत नाही. प्रतीकं आणि प्रतिमा वाचायला शिकायचं असेल तर एकच काव्य निवडा आणि ते पुरतं वाचा. सुरुवातीसाठी ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. यात कवी एक प्रतीक स्वतः थांबून उलगडून सांगतो, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि तिसऱ्याच्या अर्थावरून खुद्द पात्रांचंच शेवटपर्यंत एकमत होत नाही. प्रतीक वाचण्याच्या तिन्ही पद्धती एकाच काव्यात शिकता येतात.

पद्धतीचं सूत्र आधीच सांगून ठेवतो. वस्तू दिसली की लगेच तिचा अर्थ विचारू नका, तिचा प्रवास लिहून काढा. ती कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या दिवशी, काय बोलून, काय लपवून. अर्थ त्या प्रवासातून निघतो.

आधी प्रत नीट निवडा

हे काव्य चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्याचं एकच हस्तलिखित उरलं आहे. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘कॉटन नीरो ए.टेन’ या नावाने ठेवलेलं आहे. त्याच हस्तलिखितात ‘पर्ल’, ‘क्लीननेस’ आणि ‘पेशन्स’ ही आणखी तीन काव्यं आहेत. कवीचं नाव कुठेच नाही. भाषा इंग्लंडच्या वायव्य मिडलँड्स भागातली, म्हणजे चेशर-स्टॅफर्डशरच्या आसपासची. त्यामुळे त्याच काळातला लंडनचा कवी चॉसर ज्यांना जमतो, त्यांनाही ही भाषा अवघड जाते.

म्हणून डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर आधुनिक इंग्रजी अशी, ओळींना क्रमांक असलेली प्रत घ्या. नुसत्या अनुवादावर भागवू नका. मूळ ओळी अनुप्रासावर उभ्या आहेत. एका ओळीत साधारण तीन शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात. अनुवादकाला तो अनुप्रास जपायचा असतो, आणि त्या ओढाताणीत रंगाचं, कापडाचं किंवा अवजाराचं नाव बदलतं. तुम्ही ज्या शब्दावर अर्थाचा इमला रचाल तो मुळात नसेलच, असं होऊ शकतं.

मूळ मजकुरात दोन अनोळखी अक्षरं भेटतील. ‘थॉर्न’ हे थ किंवा द सारखं वाचायचं. ‘योघ’ कधी य, कधी घशातला ह, तर शब्दाच्या शेवटी कधी स किंवा झ होतं. तासाभरात डोळा सरावतो. शब्द अडला तर मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश शब्दकोश ऑनलाइन मोफत आहे. अनुवादातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचं मूळ रूप तिथे पाहायची सवय लावून घ्या.

एकूण ओळी २५३०, भाग चार: ४९०, ६३५, ८७२ आणि ५३३ ओळींचे. चार बैठकींत पहिलं वाचन होतं. तिसरा भाग सर्वांत लांब आणि सर्वांत दाट आहे, त्याला दोन बैठकी दिल्यात तर उत्तम.

पहिलं वाचन: पेन्सिल बाजूला ठेवा

पहिल्या वाचनात खुणा करायच्या नाहीत, फक्त गोष्ट समजून घ्यायची. ती अशी. नवीन वर्षाच्या मेजवानीत आर्थरच्या दरबारात एक नखशिखांत हिरवा सरदार हिरव्या घोड्यावरून येतो आणि आव्हान देतो: माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षाने तसाच घाव माझ्याकडून घ्या. आर्थरचा सरदार गवेन पुढे होतो आणि त्याचं मुंडकं उडवतो. तो सरदार मुंडकं उचलून घेतो, ते मुंडकंच गवेनला वचनाची आठवण देतं आणि स्वारी निघून जाते. वर्ष सरत आल्यावर गवेन त्याच्या शोधात निघतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला एक किल्ला लागतो. किल्ल्याचा धनी सौदा करतो: मी दिवसभर शिकारीत जे मिळवीन ते तुला, तू घरात राहून जे मिळवशील ते मला. तीन दिवस धनी रानात असतो आणि त्याची बायको गवेनच्या शयनगृहात येते. तिसऱ्या दिवशी ती त्याला हिरवा रेशमी पट्टा देते. तो बांधणाऱ्याला कोणी मारू शकत नाही, असं सांगते. गवेन तेवढा लपवतो. पुढे ठरलेल्या जागी, हिरव्या चॅपेलपाशी (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर), कुऱ्हाड तीनदा उचलली जाते. दोनदा हूल, तिसऱ्यांदा मानेवर नुसता ओरखडा. किल्ल्याचा धनी बर्टिलाक आणि हिरवा सरदार एकच, हे तिथे उघड होतं.

गोष्ट आधी माहीत असणं हे इथे भांडवल आहे. पट्ट्याचं पुढे काय होणार हे ठाऊक असल्याशिवाय तो पहिल्यांदा कसा वर्णिला आहे, याकडे लक्षच जात नाही.

दुसरं वाचन: वहीत पाच रकाने

आता वही घ्या. रकाने असे: वस्तू किंवा रंग, ओळ क्रमांक, कोणाजवळ आहे, कवी काय शब्द वापरतो, पुढे तिचं काय होतं. ‘अर्थ’ असा रकाना आखू नका. तो आखला की नवखा वाचक पहिल्याच दिवशी तो भरतो, आणि मग उरलेलं काव्य त्या एका शब्दाला पटवण्यात जातं.

सराव ओळी १३६ ते १५० वर करा. हिरवा सरदार दारातून आत येतो तो हा प्रसंग. कवी आधी त्याची उंची सांगतो, मग रुंद छाती, बारीक कंबर, देखणा बांधा. हा रंगाने हिरवा आहे, हे इतका वेळ गुपित ठेवलेलं असतं. या काव्याचं कडवं लांब ओळींनी चालतं, मग दोन अक्षरांची एक तोकडी ओळ येते आणि तिच्यामागून यमक साधणाऱ्या चार आखूड ओळी. तोकड्या ओळीला ‘बॉब’ आणि त्या चार ओळींना ‘व्हील’ म्हणतात. हिरवा रंग येतो तो व्हीलच्या अगदी शेवटच्या ओळीत, ओळ १५० मध्ये. दरबाराला बसलेला धक्का ऐकणाऱ्यालाही त्याच क्षणी बसावा, अशी ही रचना आहे. म्हणून नियम ठेवा: प्रत्येक कडव्याचं बॉब-व्हील वेगळं वाचायचं. खुलासा, कलाटणी किंवा कवीचं मत बऱ्याचदा तिथे दडलेलं असतं.

पुढे ओळी २०६ ते २०८ वर थांबा. त्याच्या एका हातात हॉलीची फांदी आणि दुसऱ्यात भलीमोठी कुऱ्हाड आहे. हॉली म्हणजे काटेरी पानांचं, हिवाळ्यातही हिरवं राहणारं झाड. रान उघडंबोडकं होतं तेव्हा ते सर्वांत हिरवं दिसतं, असं कवी सांगतो. सरदार स्वतः म्हणतो की ही फांदी पाहा, मी शांततेने आलो आहे (ओळी २६५-२६६). मग कुऱ्हाड कशाला? कवी उत्तर देत नाही. वहीत दोन्ही वस्तू शेजारी शेजारी लिहा आणि पुढे जा. नंतर ही कुऱ्हाड दरबारात मेजाच्या वर भिंतीवर टांगली जाते (ओळ ४७८), आणि चॅपेलपाशी येते ती नव्याने पाजळलेली दुसरी कुऱ्हाड (ओळ २२२३). वही नसेल तर हा फरक हमखास निसटतो.

कवीने स्वतः सोडवलेलं प्रतीक: ढालीवरची चांदणी

ओळी ६१९ ते ६६९ संथपणे, शक्यतो मोठ्याने वाचा. गवेन प्रवासाला निघतोय, घाई आहे, आणि कवी म्हणतो की मला उशीर झाला तरी चालेल, पण हे मी सांगणारच. मग जवळजवळ पन्नास ओळी एका आकृतीवर. लाल ढालीवर शुद्ध सोन्याची पाच टोकांची चांदणी, हात न उचलता एका रेघेत काढतात ती. तिला सुरुवात नाही, शेवट नाही. एक रेघ दुसरीत अडकलेली. इंग्रज लोक तिला ‘न संपणारी गाठ’ म्हणतात, आणि सॉलोमन राजाने ती सचोटीची खूण म्हणून नेमली, असं कवी सांगतो.

मग पाच पंचकं येतात: पाच इंद्रियं, पाच बोटं, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पाच जखमा, मरियेला पुत्रामुळे लाभलेले पाच आनंद, आणि पाच गुण. गुणांचं पंचक वहीत अक्षरशः उतरवून घ्या: औदार्य, बंधुभाव, शुद्धता, दरबारी सभ्यता, करुणा. शिवाय ढालीच्या आतल्या बाजूला मरियेचं चित्र आहे. जगाला चांदणी दिसते, गवेनला मरिया.

नवखे वाचक इथे एक चूक नेमकी करतात. कवीने अर्थ सांगितला म्हणजे काम संपलं, असं समजून ते पुढे जातात. खरं काम इथून सुरू होतं. कवीने सांगितलंय की रेघा एकमेकींत अडकलेल्या आहेत. म्हणजे एक सुटली की सगळी गाठ सुटते. आता ओळी १७७३ ते १७७५ उघडा. तिसऱ्या दिवशी किल्ल्याची मालकीण त्याच्या उशाशी बसली आहे. तिला झिडकारावं तर तो असभ्य ठरतो, तिचं ऐकावं तर पाप आणि यजमानाशी द्रोह. चांदणीवर शेजारी शेजारी बसलेली सभ्यता आणि शुद्धता इथे एकमेकींवर उठतात. त्याच्या जरा आधी, ओळ १७६९ मध्ये, मरियेने आपल्या सरदाराची आठवण ठेवली नाही तर मोठा धोका आहे, असं कवी म्हणतो. ढालीची बाहेरची आणि आतली अशा दोन्ही बाजू त्या खोलीत हजर आहेत, आणि ढाल मात्र भिंतीपलीकडे कुठेतरी आहे. हा दुवा जोडता आला की तुम्ही प्रतीक वाचायला लागलात.

आणखी एक नोंद. दुसऱ्या भागातल्या या वर्णनानंतर चांदणीचं नाव कवी पुन्हा घेत नाही. चौथ्या भागात गवेन दुसऱ्यांदा शस्त्रं चढवतो (ओळ २०११ पासून), तेव्हा अंगरख्यावरच्या चिन्हाचा ओझरता उल्लेख येतो, आणि सगळा भर असतो तांबड्या कापडावर दोन वेढे घेऊन बांधलेल्या हिरव्या पट्ट्यावर. दोन्ही शस्त्रसज्जा शेजारी शेजारी ठेवून वाचा. आधीचं सोनं-तांबडं आणि नंतरचं हिरवं-तांबडं डोळ्यासमोर येऊ द्या.

शिकार आणि शयनगृह: तक्ता करूनच वाचा

तिसऱ्या भागात कवी प्रत्येक दिवशी शिकारीने सुरू करतो, मधे शयनगृहात जातो, पुन्हा रानात येतो, आणि संध्याकाळी देवाणघेवाण होते. तीन दिवसांचा तीन ओळींचा तक्ता करा.

पहिला दिवस: हरिणी. नरांना मारायला बंदी असलेला हंगाम आहे, म्हणून नर सोडून देतात. कळप हाकारे घालून कोंडतात. तिकडे मालकीण पलंगावर बसून म्हणते, आता सापडलास (ओळ १२१०). मोबदला एक चुंबन.

दुसरा दिवस: रानडुक्कर. म्हातारं, कळप सोडलेलं, अंगावर येणारं. धनी घोड्यावरून उतरून ओढ्यात घुसतो आणि तलवारीने त्याला एकट्याने मारतो. मालकीणही आज सरळ सरळ वाद घालते. मोबदला दोन चुंबनं.

तिसरा दिवस: कोल्हा. वळणं घेतो, माग चुकवतो, आणि धन्याच्या तलवारीला बिचकून बाजूला उडी मारतो ती थेट कुत्र्यांच्या तोंडी. त्याच दिवशी गवेन पट्टा घेतो. पुढे चॅपेलपाशी पहिल्या घावाला गवेनही असाच बिचकतो.

इथे फार भरभर समीकरणं मांडू नका. ‘हरिणी म्हणजे भीती, डुक्कर म्हणजे धैर्य, कोल्हा म्हणजे कपट’ एवढं लिहून थांबणं सोपं आहे, पण कवीचं बारीक काम त्यात हरवतं. उदाहरणार्थ हरणं सोलण्याचं वर्णन (ओळी १३२३ पासून). चरबी किती ते आधी तपासतात, ती दोन बोटं भरते. मग गळा, पाय, कातडं, आतडी, सगळं ठरलेल्या क्रमाने. एक हाड कावळ्यासाठी टाकायचं, कुत्र्यांना रक्तात भिजवलेली भाकरी आणि काळीज. हे सगळं इतकं तपशिलात का? कारण रानात प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतोय, नियम पाळला जातोय. आणि किल्ल्यात तिसऱ्या संध्याकाळी एक वाटा दडपला जाणार आहे.

तक्त्यात अजून एक रकाना वाढवा: देवाणघेवाणीत आधी कोण देतं. पहिले दोन दिवस धनी आधी देतो. तिसऱ्या दिवशी गवेन पुढे होऊन म्हणतो, आज मी आधी देतो (ओळ १९३२ च्या पुढे), आणि तीन चुंबनं देऊन मोकळा होतो. त्या संध्याकाळी त्याच्या अंगावर जमिनीपर्यंत लोळणारा निळा झगा आहे (ओळ १९२८). निळा रंग त्या काळी निष्ठेचा मानत. कवी यावर चकार शब्द काढत नाही. या काव्यातला हा आमच्या मते सर्वांत सुरेख रंगप्रयोग आहे.

प्रवास करणारं प्रतीक: पट्टा

आता पट्ट्याचा पूर्ण प्रवास एका पानावर लिहा. मालकीण आधी लाल सोन्याची अंगठी देऊ करते, गवेन नाकारतो. मग ती कमरेचा हिरवा, सोनेरी किनारीचा रेशमी पट्टा सोडते (ओळ १८३० पासून); तोही नाकारतो. जीव वाचेल म्हटल्यावर घेतो. लपवतो. तिथून थेट धर्मगुरूकडे जाऊन पापांची कबुली देतो आणि पूर्ण शुद्ध होऊन येतो (ओळी १८७६ ते १८८४), पण पट्टा परत करत नाही. इथे वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढा. अभ्यासकांमध्ये यावर खूप वाद आहे आणि घाईने निकाल देण्यात अर्थ नाही. पुढे पट्टा अंगरख्यावर उघड बांधला जातो. मानेला घाव लागून रक्त बर्फावर पडल्यावर आणि सगळं उघड झाल्यावर गवेन तो भिरकावून देतो (ओळ २३७७). बर्टिलाक तोच पट्टा भेट म्हणून परत देतो. गवेन तो खांद्यावरून तिरपा घेऊन डाव्या बगलेखाली गाठ मारतो. शेवटी सगळा दरबार तसाच हिरवा पट्टा घालू लागतो.

प्रत्येक टप्प्यावर अर्थ कोण ठरवतंय ते लिहा. मालकिणीसाठी तो ताईत आहे. गवेनसाठी भित्रेपणा, लोभ आणि वचनभंग यांचा डाग (ओळी २५०८-२५०९). बर्टिलाकसाठी जिवाच्या प्रेमापोटी झालेल्या लहानशा चुकीची आठवण. म्हणून तुला कमी दोष देतो, असं तो म्हणतो (ओळ २३६८). दरबार हसतो आणि त्याला सन्मानचिन्ह करतो. कवी कोणाचीच बाजू घेत नाही. यांतला एकच अर्थ ‘खरा’ म्हणून निवडलात तर काव्याचा शेवट बंद होतो. चारही अर्थ धरून ठेवलेत तर गवेनचं एकटेपण दिसतं.

कुठे फसायला होतं

हिरव्याचा कोश करणं ही पहिली फसगत. मध्ययुगात हिरवा रंग वसंताचा होता, तारुण्याचा होता, परीलोकाचा होता, आणि चॉसरच्या एका कथेत हिरवे कपडे घालून येणारा माणूस सैतान निघतो. म्हणून रंग एकटा वाचू नका, जोडीने वाचा. या काव्यात हिरवा बहुतेक ठिकाणी सोन्याबरोबर येतो.

दुसरी फसगत म्हणजे चर्चच्या दगडी कामातले पानांनी मढलेले चेहरे इथे आणणं. त्यांना ‘ग्रीन मॅन’ हे नाव लेडी रॅगलन यांच्या १९३९ च्या लेखामुळे मिळालं. चौदाव्या शतकातल्या कवीच्या डोक्यात ती जोडी होती, असं त्या नावाच्या बळावर म्हणता येत नाही.

आकड्यांचा मोहही आवरा. कडवी १०१ आहेत, ‘पर्ल’मध्येही तेवढीच, आणि ट्रॉयच्या वेढ्याची पहिली ओळ जवळजवळ तशीच ओळ २५२५ ला परत येते. पाचाच्या पंचकाशी हे जुळतं, तेवढं नोंदवा. प्रत्येक पाचाच्या मागे लागू नका.

निसर्गाच्या सगळ्याच प्रतिमा प्रतीकं नसतात, हेही ध्यानात असू द्या. ओळी ७२६ ते ७३२ मध्ये गवेन चिलखतासकट उघड्या खडकांत झोपतो आणि डोक्यावर बर्फाच्या सुया लोंबतात. तिथे थंडी ही आधी थंडीच आहे. अंगावर काटा आला पाहिजे, तरच पुढे कागदातून कातरल्यासारखा दिसणारा किल्ला (ओळ ८०२) इतका सुंदर आणि इतका संशयास्पद वाटतो.

लिहायला बसताना

पहिला निबंध एका वस्तूवर, ६०० ते ८०० शब्दांत लिहा. एका वाक्यात दावा मांडा, तीन ठिकाणच्या ओळी पुराव्याला घ्या आणि किमान एक जागा अशी दाखवा जी तुमच्या दाव्याच्या विरोधात जाते. ती जागा सापडत नसेल तर वही पुन्हा चाळा, ती असतेच. ओळ उद्धृत करताना मूळ शब्द द्या आणि खाली स्वतःचं मराठी भाषांतर द्या. भाषांतर करताना जिथे अडाल, तिथेच बहुधा लिहिण्याजोगं काही असतं.

हे जमलं की त्याच पाच रकान्यांची वही घेऊन फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्र्वाच्या बाराव्या शतकातल्या ‘पर्सेव्हाल’कडे जा. तिथेही बर्फावर रक्त आहे, तीन थेंब. आणि एक ‘ग्राल’ आहे, मेजवानीच्या दालनातून एक मुलगी घेऊन जाते ते. ते पवित्र पात्र वगैरे जे काही तुम्ही ऐकलं असेल ते बाजूला ठेवा, कारण ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाशी त्याची सांगड रोबेर द बोरॉन या कवीने नंतर घातली. क्रेतिएँकडे ते कोणाच्या हातात आहे, कुठल्या दारातून येतं, कुठे जातं आणि पर्सेव्हाल त्याबद्दल काय विचारत नाही, एवढंच आधी लिहून काढा.